लागणे आणि चालणे

हॉलिवूडच्या जगभरच्या वर्चस्वाचा विषय निघाला की आपल्याकडच्या जाणत्या मंडळींचेही उत्तर ठरलेले असते: लोकांना आवडतात म्हणून चालतात. लिस्बनचा किंवा मनिलाचा प्रेक्षक स्वतःच्या खिशातून तिकीट काढतो, त्याच्यावर कुणी बळजबरी केलेली नाही, मग तक्रार कशाची? हे उत्तर इतके सरळ दिसते की त्यावर प्रश्न विचारणाराच हट्टी ठरतो. मला ते चुकीचे वाटते. ते चुकीचे असल्यामुळे आपले स्वतःचेही बरेच नुकसान झाले आहे, असेही वाटते.

आपल्या सिनेधंद्याच्या बोलीत दोन क्रियापदे आहेत. चित्रपट 'लागतो' आणि चित्रपट 'चालतो'. चालवणे प्रेक्षकांच्या हातात असते, पण लावणे वितरकाच्या आणि थिएटरमालकाच्या. जो लागलाच नाही तो चालला की पडला, हे विचारण्यात अर्थ नाही. 'लोकांना आवडतात म्हणून चालतात' या वाक्यात पहिले क्रियापद गाळलेले आहे. माझा सगळा आक्षेप त्या गाळलेल्या शब्दाबद्दल आहे.

खंडन करायचे तर पूर्वपक्ष पुऱ्या ताकदीनिशी मांडला पाहिजे. तो असा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पाच सेंटांच्या तिकिटावर चालणारी 'निकेलोडियन' नावाची छोटी थिएटरे गल्लोगल्ली उघडली. तिथे बसणाऱ्यांत पोलंडहून, इटलीहून, रशियातल्या ज्यू वस्त्यांतून आलेली माणसे फार. त्यांच्या भाषा वेगवेगळ्या, आणि इंग्रजी वाचता येणारे थोडे. अशा गर्दीला एकाच वेळी हसवायचे-रडवायचे तर गोष्ट डोळ्यांना कळेल अशीच सांगावी लागते. म्हणून अमेरिकन चित्रपट जन्मतःच सगळ्या जगासाठी घडला, असे हे मत म्हणते. त्याला अर्थशास्त्राची जोड आहे. अमेरिकेची घरची बाजारपेठ मोठी आणि पैसेवाली. चित्रपटाचा खर्च घरीच निघतो, परदेशात तो स्वस्तात विकता येतो, आणि डेन्मार्कसारख्या छोट्या देशाला तेवढा खर्च करणे कधीच परवडत नाही. शिवाय कारागिरी आहेच. चॅप्लिन, कीटन, जॉन फोर्ड यांना कोणत्या वितरकाने मोठे केले?

यातले बरेचसे खरे आहे. चॅप्लिनवर जीव टाकणाऱ्यांपैकी मीही एक आहे. प्रश्न एवढाच, की या गोष्टी वर्चस्वाचे कारण आहेत काय?

न्यायशास्त्राचे पंडित, म्हणजे नैयायिक, कारण ठरवताना दोन कसोट्या लावतात. कारण असेल तेथे कार्य दिसले पाहिजे, हा अन्वय. कारण नसेल तेथे कार्य दिसता कामा नये, हा व्यतिरेक. आणि जे कार्याच्या आधी हजर असते पण ज्याच्यावाचून काही अडत नाही, त्याला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. माती वाहून आणणारे कुंभाराचे गाढव हे त्यांचे ठरलेले उदाहरण. घड्याच्या आधी गाढव दिसते खरे, पण म्हणून ते घड्याचे कारण होत नाही.

निकेलोडियनचा बहर १९०५ नंतरचा. अनेकभाषी गर्दीने शिकवलेली कथनशैली हे वर्चस्वाचे कारण असेल, तर १९१० च्या सुमारास अमेरिकन चित्रपट जगात पुढे दिसायला हवेत. प्रत्यक्षात त्या काळी जगातली सर्वांत मोठी चित्रपट कंपनी फ्रान्सची पाथे होती. खुद्द अमेरिकेच्या निकेलोडियनमध्ये लागणाऱ्या चित्रपटांत पाथेचा वाटा मोठा होता. म्हणजे त्या बहुभाषी गर्दीला फ्रेंच चित्रपट व्यवस्थित कळत होते आणि आवडतही होते. १९०८ च्या डिसेंबरात एडिसनच्या पुढाकाराने पेटंटधारक कंपन्यांचा संघ बनला. पाथे आणि मेलिएस यांना त्याने आत घेतले, पण बाकीच्या बहुतेक परदेशी चित्रपटांची वाट अडवली. १९१५ मध्ये न्यायालयाने तो संघ बेकायदा ठरवला, पण तोवर परदेशी चित्रपटांची सवय तोडण्याचे काम बरेचसे उरकले होते. तिकडे युरोपात ओले ओल्सेन यांनी १९०६ मध्ये काढलेली डेन्मार्कची नॉर्डिस्क कंपनी दूरदूरच्या देशांत माल पाठवत होती. डेन्मार्क देश छोटा म्हणून तिचे काही अडले नव्हते. इटलीच्या 'क्वो वादिस'ने १९१३ मध्ये ब्रॉडवेवर गर्दी खेचली, आणि पुढच्याच वर्षी 'काबिरिया' आला.

आपल्या फाळक्यांचेच पाहा. ख्रिस्ताच्या जीवनावरच्या ज्या चित्रपटाने त्यांचे आयुष्य पालटले, तो त्यांनी मुंबईत 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस' नावाच्या थिएटरात पाहिला. नाव अमेरिकेचे असले तरी त्या काळी जगभर फिरणारे ख्रिस्तचरित्रपट प्रामुख्याने पाथे आणि गोमाँ या फ्रेंच कंपन्यांचे होते. कॅमेरा आणायला फाळके १९१२ मध्ये गेले तेही लंडनला. चित्रपटांची राजधानी अमेरिकेत आहे, असे तेव्हा कुणालाच वाटत नव्हते.

मग १९१४ ते १९१८ या चार वर्षांत असे काय झाले? अमेरिकनांना गोष्ट सांगण्याची कला एकाएकी साधली, असे कुणी म्हणत नाही. झाले ते युद्ध. ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रान्समध्ये लष्करभरती झाली आणि स्टुडिओ ओस पडले. कच्च्या फिल्मचा आणि स्फोटकांचा मूळ पदार्थ एकच, नायट्रोसेल्युलोज. तेव्हा तसले कारखाने युद्धसाहित्याकडे वळले यात नवल नाही. त्याआधी लंडन ही जगाच्या चित्रपट व्यापाराची मोठी पेठ होती. अमेरिकन कंपन्या आपले चित्रपट लंडनच्या दलालांना विकत आणि ते दलाल पुढे वसाहतींना पुरवत. युद्धात लंडनची ही मध्यस्थी मोडली. अमेरिकन कंपन्यांनी दूरच्या देशांत स्वतःच्या शाखा उघडल्या. युनिव्हर्सलची मुंबईतली कचेरी १९१६ ची. क्रिस्टिन थॉम्पसन यांनी १९८५ मधल्या त्यांच्या ग्रंथात हे सगळे स्थित्यंतर व्यापाराच्या नोंदींवरून बारकाईने दाखवले आहे, आणि तो ग्रंथ वाचल्यावर 'आवडीने जग जिंकले' ही कथा टिकणे कठीण आहे.

अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली तेव्हा सरकारने जॉर्ज क्रील यांच्या हाताखाली प्रचारसमिती नेमली. स्वित्झर्लंडसारख्या तटस्थ देशांत तेव्हा जर्मन आणि अमेरिकन चित्रपटांची चढाओढ होती. क्रील समितीने थिएटरवाल्यांना अट घातली: अमेरिकन करमणुकीचे चित्रपट हवे असतील तर आमचे प्रचारपटही लावा, आणि जर्मन चित्रपट अजिबात लावू नका. ही माहिती अमेरिकेच्या विरोधकांची नाही. क्रील यांनीच १९२० च्या आपल्या पुस्तकात ती अभिमानाने नोंदवली आहे. चॅप्लिनसाठी लोक जीव टाकत होते हे खरेच. पण त्या जीव टाकण्याचा उपयोग दुसऱ्याचे चित्रपट उतरवण्यासाठी झाला, हेही तितकेच खरे.

१९१८ च्या वेब-पॉमेरीन कायद्याने अमेरिकन कंपन्यांना निर्यातीपुरते एकत्र येऊन भाव आणि अटी ठरवण्याची मुभा दिली. घरी जी गोष्ट मक्तेदारीविरोधी कायद्याने गुन्हा ठरली असती, ती परदेशात चालणार होती. १९२६ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्यात चित्रपटांसाठी वेगळा विभाग उघडला. १९४५ मध्ये मोठ्या स्टुडिओंनी याच कायद्याच्या आधाराने निर्यातसंघ स्थापन केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात निकाल दिला: स्टुडिओंनी थिएटरे ताब्यात ठेवू नयेत, एका चांगल्या चित्रपटाला दहा सुमार चित्रपटांचा गठ्ठा बांधून विकू नये. अमेरिकन थिएटरवाल्याला गठ्ठ्यातून सोडवणारा हा निकाल लिस्बनच्या किंवा मुंबईच्या थिएटरवाल्याच्या मात्र काही कामाचा नव्हता. निर्यातसंघ तसाच राहिला. खुल्या बाजाराचे गुणगान करणाऱ्यांनी ही दोन वर्षे, १९४५ आणि १९४८, शेजारी ठेवून पाहावीत.

फ्रान्सचे उदाहरण तर दस्तऐवजासारखे स्पष्ट आहे. २८ मे १९४६ रोजी फ्रान्सचे लेआँ ब्लुम आणि अमेरिकेचे जेम्स बर्न्स यांच्यात करार झाला. अमेरिकेने फ्रान्सचे युद्धकालीन कर्ज माफ केले, नवे कर्ज दिले, आणि बदल्यात मागितलेल्या गोष्टींत चित्रपटांचे पडदे होते. तिमाहीच्या तेरा आठवड्यांपैकी चार आठवडे फ्रेंच चित्रपटांसाठी राखायचे, उरलेले नऊ खुले. १९४८ च्या जानेवारीत नट, दिग्दर्शक, तंत्रज्ञ पॅरिसच्या रस्त्यावर उतरले. त्या वर्षी करार बदलून चाराचे पाच आठवडे झाले.

येथे प्रतिपक्ष म्हणेल, चार वर्षे जर्मन अमलाखाली काढलेला फ्रेंच प्रेक्षक अमेरिकन चित्रपटांना भुकेला होताच. मान्य. हॉलिवूडच्या काळोख्या गुन्हेपटांना 'फिल्म न्वार' हे नाव फ्रेंच समीक्षकांनीच दिले, तेही १९४६ मध्येच. प्रेम खरे होते. पण प्रेम खरे असणे वेगळे आणि वर्चस्वाचे कारण प्रेम असणे वेगळे. हॉलिवूडवर प्रेम करणाऱ्या त्या पिढीतून पुढे 'नव्या लाटे'चे त्रुफो आणि गोदार आले. ते आले तेव्हा फ्रान्समध्ये १९४६ ला स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट केंद्र उभे होते, आणि तिकिटांवरच्या करातून फ्रेंच चित्रपटांना मदत मिळत होती. नव्या लाटेला हॉलिवूडचे प्रेम लागले तसे राखलेले पडदेही लागले.

ब्रिटनने वेगळा मार्ग धरला आणि त्याचे हाल झाले. ऑगस्ट १९४७ मध्ये डॉलर वाचवण्यासाठी तिथल्या सरकारने अमेरिकन चित्रपटांच्या कमाईवर ७५ टक्के जकात बसवली. अमेरिकन कंपन्यांनी लगेच नवे चित्रपट पाठवणेच बंद केले. ब्रिटिश स्टुडिओंनी ती पोकळी भरायला घाईघाईने चित्रपट काढायला घेतले, आणि मार्च १९४८ मध्ये सरकार नमले. साचलेल्या अमेरिकन चित्रपटांचा लोंढा एकदम आला तेव्हा त्या ब्रिटिश चित्रपटांना पडदेच उरले नाहीत. एखादा धंदा केवळ आवडीवर उभा असेल, तर त्याला पुरवठा रोखून एका देशाच्या सरकारला वाकवण्याची गरज का पडावी?

आता व्यतिरेक. अमेरिकन चित्रपट जेथे पोचू शकले नाहीत तेथे काय झाले? जर्मनीने १९१६ पासून परदेशी चित्रपटांची आयात बंद केली आणि ती १९२० अखेरपर्यंत बंद राहिली. त्या बंद दारांआड जर्मन चित्रपटउद्योग युरोपातला सर्वांत मोठा झाला. त्याच काळात 'डॉ. कॅलिगारी' तयार झाला. तो १९२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या थिएटरात लागला तेव्हा माजी सैनिकांच्या जमावाने निदर्शने केली आणि चित्रपट उतरवावा लागला. तिथल्या प्रेक्षकाच्या आवडीपर्यंत तो पोचू दिलाच नाही. पुढे १९२५ मध्ये अडचणीत आलेल्या ऊफा या जर्मन कंपनीला पॅरामाउंट आणि एमजीएमने चाळीस लाख डॉलरचे कर्ज दिले, आणि बदल्यात ऊफाच्या थिएटरांत आपल्या चित्रपटांसाठी जागा मिळवली. लुबिच, मुर्नाऊ आधीच किंवा लवकरच अमेरिकेत गेले; लँग आणि वाइल्डर यांना हिटलरने घालवले.

ज्याला आपण अमेरिकन चित्रपट म्हणतो तो तरी कितपत अमेरिकन? १९४२ चा 'कॅसाब्लांका' पाहा. दिग्दर्शक कर्टिझ हंगेरीचा, संगीतकार स्टायनर व्हिएन्नाचा, आणि पडद्यावरच्या कित्येक छोट्या-मोठ्या भूमिकांत युरोपातून जीव वाचवून आलेले नट. युरोपची गुणवत्ता अमेरिकेत आली हे अमेरिकेचे मोठेपण आहे, त्यात शंका नाही. पण मग 'अमेरिकन गुणवत्तेने युरोपला हरवले' हे वाक्य अर्धे कोसळते. माती सगळीकडची होती. चाक मात्र एकाच्या ताब्यात होते.

घरच्या मोठ्या बाजारपेठेचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. त्याने खर्च परवडतो, एवढे तो नक्की सिद्ध करतो. पण मोठी बाजारपेठ आपोआप अमेरिकन कंपन्यांच्या हाती राहिली का? बाहेरचे चित्रपट तिथे सहसा जसेच्या तसे लागत नाहीत. जपानचा १९५४ चा 'गोजिरा' अमेरिकेत १९५६ मध्ये आला तो रेमंड बर या अमेरिकन नटाची दृश्ये मध्ये घालून. कुरोसावाच्या सात सामुराईंचे १९६० मध्ये सात काउबॉय झाले. हाँगकाँगच्या 'इन्फर्नल अफेअर्स'चा 'द डिपार्टेड' झाला आणि त्याला ऑस्कर मिळाले. गोष्ट आवडत होती, म्हणूनच तर ती विकत घेतली. गोष्ट सांगणाऱ्या मूळ चित्रपटाला मात्र मोठा पडदा मिळाला नाही.

भारताचे उदाहरण पूर्वपक्षवाले आपल्या बाजूने देतात: पाहा, इथे कोणतेही आरक्षण नव्हते, तरी लोकांनी स्वतःचेच चित्रपट निवडले. इतिहास जरा तपासू. १९२७-२८ मध्ये दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती बसली. ब्रिटिशांना मुळात अमेरिकन चित्रपटांना शह देऊन साम्राज्याच्या चित्रपटांना सवलत मिळवायची होती. समितीला आढळले की देशात दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांत सुमारे ८५ टक्के परदेशी, आणि त्यांतले बहुतेक अमेरिकन. त्याच समितीला हेही आढळले की भारतीय चित्रपट जेथे लागतो तेथे तो चांगला चालतो. आवड तेव्हाही होती. चित्रपट कमी लागत होते. सभासदांत फूट पडली आणि शिफारशी कागदावरच राहिल्या.

मग १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, पुढच्या वर्षी 'अयोध्येचा राजा', आणि काही वर्षांत चित्र उलटले. भारतीय प्रेक्षकांची अभिरुची चार वर्षांत बदलली नव्हती. आवाज आला, आणि भाषेची व गाण्याची अशी भिंत उभी राहिली, जी कोणत्याही सरकारला बांधता आली नसती. त्या भिंतीआड वितरणाची साखळी आपल्या माणसांच्या हाती होती. प्रभातचे चित्रपट बाबूराव पैंची फेमस पिक्चर्स वितरित करी. 'संत तुकाराम' गिरगावच्या सेंट्रलमध्ये वर्षभराहून अधिक चालला तो तिथे वर्षभर लावणारा कुणी होता म्हणून. एमजीएमने १९३८ मध्ये धोबी तलावावर स्वतःचे मेट्रो थिएटर बांधले, यावरूनही पडद्याचे मोल त्या कंपनीला किती ठाऊक होते ते दिसते. आजही हॉलिवूडचा भारतातला वाटा एरवीच्या जगाच्या मानाने लहानच आहे.

कोरियाची कथा याहून बोलकी आहे, कारण तिथे सगळे आपल्या डोळ्यांदेखत घडले. १९८८ मध्ये अमेरिकन दबावाने हॉलिवूडच्या कंपन्यांना थेट वितरणाची परवानगी मिळाली. कोरियन चित्रपटवाले इतके हवालदिल झाले की अमेरिकन चित्रपट लावणाऱ्या थिएटरांत साप सोडण्यापर्यंत मजल गेली. १९९३ मध्ये स्वदेशी चित्रपटांचा वाटा सोळा टक्क्यांच्या आसपास घसरला. तेव्हाचे जाणते काय म्हणत असतील? हेच, की लोकांना कोरियन चित्रपट आवडत नाहीत. पण वर्षाला १४६ दिवस स्वदेशी चित्रपट लावण्याचा जुना नियम पुस्तकात होता. तो पाळला जातो की नाही हे चित्रपटवाल्यांनी स्वतः मोजायला सुरुवात केली. १९९६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने चित्रपटांची पूर्व-सेन्सॉरशिप रद्द केली. १९९९ मध्ये 'शिरी' हा कोरियन चित्रपट गाजला. २००६ मध्ये अमेरिकेशी व्यापारकराराची पूर्वअट म्हणून ते दिवस १४६ वरून ७३ वर आणले, तेव्हा 'ओल्डबॉय'चा नायक चोई मिन-सिक याने सरकारी सन्मान परत केला. २०२० मध्ये 'पॅरासाइट'ला ऑस्करचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. नुसत्या आरक्षणाने चांगले चित्रपट होत नाहीत, हे मला मान्य आहे. ब्रिटनच्या १९२७ च्या कायद्याने कोटा भरण्यापुरते काढलेले टाकाऊ चित्रपट इतके झाले की त्यांना वेगळे नावच पडले. कोरियात राखलेले दिवस, मोकळी लेखणी आणि सरकारी निधी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. आणि आज तिथल्याच बड्या वितरण कंपन्या छोट्या कोरियन चित्रपटांचे पडदे खातात, हेही सांगितले पाहिजे. चाक कुणाच्याही हातात गेले तरी प्रश्न तोच राहतो.

याच्या उलट टोकाला दुसरे एक मत आहे: प्रेक्षक भोळा, अमेरिकेने त्याला भुलवले. तेही मला पटत नाही. पंगतीत वाढप्याने एकच पदार्थ फिरवला आणि सगळ्यांनी तो आवडीने खाल्ला, तर खाणाऱ्यांची जीभ खोटी ठरत नाही. पण स्वयंपाकघरात आणखी काय शिजले होते, याचा त्यावरून निष्कर्षही काढता येत नाही.

हा वाद मला दूरचा वाटत नाही. 'मराठी चित्रपट लोकांनाच नको असतात' हे वाक्य मुंबई-पुण्याचे मराठी लोकच सहज उच्चारतात, आणि सकाळी नऊचा खेळ मिळालेल्या चित्रपटाची रिकामी खुर्ची पुरावा म्हणून दाखवतात. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटासाठी संध्याकाळी सहा ते नऊची वेळ राखायला सांगितली, आणि थोड्याच दिवसांत ती दुपारी बारा ते रात्री नऊ इतकी सैल केली. सहाचा खेळ आणि बाराचा खेळ यांत काय अंतर आहे, हे नोकरी करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारावे. पुढच्या वर्षी 'सैराट' आला. तो चांगला होता, आणि त्याच्या मागे पडदे मिळवून देऊ शकणारी मोठी कंपनीही होती. या दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या तरच त्याचे यश समजते.

रस्त्यावरच्या दबावाने पडदे मिळवण्याची रीत मला मान्य नाही. तरीही १९७१ ची घटना विसरता येत नाही. दादरच्या कोहिनूरमध्ये दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' लावण्याऐवजी देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचे ठरले होते. कोंडके बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर गेले, आणि 'सोंगाड्या' लागला. त्यानंतर तो जो चालला, तो लोकांनी स्वतःच्या खिशातून तिकिटे काढून चालवला.